हंगामाआधीचा एक दिवस

हिंगणघाट-वर्धा पट्ट्यातल्या जिनिंगला कर्मचाऱ्यांचा सेमिनार घ्यायचा असेल, तर तारीख कापसाला विचारून ठरवावी लागते. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापसाच्या गाड्या यायला लागल्या की फाटकाबाहेर रांग लागते आणि मग ग्रेडरला जेवायलाही उसंत नसते. हंगाम संपतो तेव्हा मे उजाडलेला असतो आणि पारा पंचेचाळिशीच्या पुढे गेलेला असतो. त्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली माणसं बसवणं म्हणजे शिक्षाच. जून-जुलैत मजूर पेरणीला आणि निंदणाला गेलेले असतात. उरतो ऑगस्ट-सप्टेंबर. त्यातून पोळा वजा करा, तान्हा पोळा वजा करा, गणपती आणि महालक्ष्म्या वजा करा. हातात राहतो पितृपक्ष.

मी ज्या फर्मच्या बैठकीला बसलो होतो, तिथले सेठजी पितृपक्ष म्हटल्यावर एकदम गप्प झाले. पित्रांत नवीन काही सुरू करायचं नाही, हा घरचा नियम. मॅनेजर मुरलेले होते. ते म्हणाले, “सेठजी, शुभकार्य नाही, ट्रेनिंग आहे. आणि लग्नं नसल्यामुळे मंडपवाला, केटरर, खुर्च्या, सगळं अर्ध्या भावात.” शेवटच्या वाक्याने काम झालं. असे सेमिनार लावून देण्याच्या कामात मी बरीच वर्षं आहे आणि माझा अनुभव असा की तारखेवर लोक जितका विचार करतात, त्याच्या निम्मा विचारही विषयावर करत नाहीत.

इथेही विषयांची यादी तयारच होती. सुरक्षितता, शिस्त, टीमवर्क, ताणतणाव व्यवस्थापन, वेळेचं नियोजन, व्यसनमुक्ती आणि शेवटी एक प्रेरणादायी व्याख्यान. सगळं एका दिवसात. नागपूरहून वक्ता, पाहुण्यांचं स्वागत, दीपप्रज्वलन, जुन्या कर्मचाऱ्यांचा सत्कार. मी कागदावर मिनिटं मांडली. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, परिचय, सत्कार आणि अध्यक्षीय मनोगत यांतच पूर्वार्ध संपत होता. शाल-श्रीफळाला माझी हरकत नाही. तीस वर्षं रेच्यांवर, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांवर, काढलेल्या फिटरला चारचौघांत मान मिळावा, हे योग्यच आहे. पण तो जेवणाच्या आधी, पंगत बसण्यापूर्वी द्यावा. सकाळी नऊ ते अकरा या वेळात माणसाचं डोकं सगळ्यात ताजं असतं आणि आपल्याकडे तेवढाच वेळ हारतुऱ्यांना वाहिलेला असतो.

मग मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर आल्यावर तुमचा माणूस कालच्यापेक्षा वेगळं काय करेल? उत्तर एका वाक्यात द्यायचं. मॅनेजर म्हणाले, जबाबदारीने वागेल. सेठजी म्हणाले, कंपनीला आपली समजेल. दोन्ही उत्तरं मी लिहून घेतली आणि बाजूला ठेवली, कारण ती दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यांनी बघता येत नाहीत. कोपऱ्यात बसलेल्या ग्रेडरने मात्र नेमकं सांगितलं: रेच्यात जाणाऱ्या कापसात प्लास्टिक दिसलं की तो उचलेल.

हा झाला विषय. रुईत मिसळणारा परका माल ही जिनिंगवाल्यांची जुनी डोकेदुखी. खताच्या पोत्याचे प्लास्टिकचे दोरे, सुतळी, केस, कोंबडीची पिसं, गुटख्याच्या पुड्या. कपाशीच्या झाडावर यातलं काहीच नसतं, हे सगळं वेचणीपासून गाठीपर्यंतच्या वाटेवर येतं. पोत्याची अखंड पट्टी डोळ्यांना दिसते आणि हाताने उचलता येते. तीच रेच्यातून गेली की तिचे बारीक बारीक तंतू होऊन रुईत पसरतात. मग गिरणीत सूत निघतं, कापड विणलं जातं, रंगाला जातं आणि तिथे हा तंतू रंग पकडत नाही. निळ्या कापडावर पांढरी रेघ उमटते. १७० किलोच्या गाठीत दोन-चार पोत्यांच्या चिंध्या गेल्या, तर सूतगिरणीचा माणूस पुढच्या वेळी भाव पाडून मागतो. सेठजींना हे पाठ होतं. शेडमधल्या बहुतेकांना मात्र कापडावरची ती रेघ कधी कोणी दाखवलीच नव्हती.

वर्ध्याला बसून एका विषयाच्या बैठकीचा आग्रह धरताना मला कोणत्या परदेशी व्यवस्थापन-गुरूचा आधार शोधावा लागत नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला इथे मारवाडी शिक्षण मंडळाच्या शाळेत, म्हणजे आजच्या नवभारत विद्यालयात, शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष. काँग्रेसची सरकारं असलेल्या प्रांतांचे शिक्षणमंत्री, शिक्षणतज्ज्ञ आणि राष्ट्रीय शाळांचे कार्यकर्ते आले होते. गांधीजींनी आपली मांडणी आधीच ‘हरिजन’मधून लोकांपुढे ठेवली होती, त्यामुळे विषय काय, हे येणाऱ्यांना आधीच माहीत होतं. दोन दिवसांनी चार ठराव झाले: सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेचं माध्यम, एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाभोवती गुंफलेलं शिक्षण आणि त्यातून हळूहळू शिक्षकांच्या पगाराचा खर्च निघावा ही अपेक्षा.

नियोजन करणाऱ्याने बघावी अशी गोष्ट यानंतरची आहे. मुलांच्या कामातून शाळा स्वतःच्या पायावर उभी राहील, या कल्पनेवर परिषदेतच टीका झाली. प्रा. के. टी. शहा बोलले, डॉ. झाकिर हुसेन यांनीही त्यातला धोका दाखवला. आणि अभ्यासक्रम आखायला जी समिती नेमली, तिचं अध्यक्षपद झाकिर हुसेन यांनाच दिलं गेलं. शहाही समितीत होते. विनोबा, काकासाहेब कालेलकर, किशोरलाल मशरूवाला, कुमारप्पा, आर्यनायकम दाम्पत्य हे सगळे सोबत होते. २ डिसेंबरला अहवाल तयार. परिषद उठल्यावर सहा आठवड्यांच्या आत! आजच्या कितीतरी सेमिनारचे फोटोसुद्धा सहा आठवड्यांत सगळ्यांपर्यंत पोचत नाहीत.

त्या परिषदेसारखं विरोधकालाच काम द्यायचं, तेव्हा आमच्या बैठकीतला पुढचा प्रश्न होता, इथला विरोधक कोण? सगळ्यांनी एकाच मुकादमाचं नाव घेतलं. मॅनेजरच्या मते तो “निगेटिव्ह” माणूस. मी त्याला शेडमध्ये जाऊन भेटलो. देखभालीसाठी रेचे उघडून ठेवलेले, रोलर बाहेर काढलेले, सगळीकडे ग्रीसचा वास. तो ऐकून म्हणाला, “पोते शेतकऱ्याचे, गाडी व्यापाऱ्याची. घाण तिकडून येते अन् भाषण आमाले. बोलून दाखवाले सोपं आहे जी.” म्हणणं बिनतोड होतं. ते त्याने सगळ्यांसमोर मांडावं आणि दुपारच्या चर्चेला त्यानेच बसवावं, असं ठरलं. मॅनेजरच्या चेहऱ्यावर नाराजी स्पष्ट होती.

त्याच शेडमध्ये कापूस पसरणाऱ्या एका मावशींनी मला दुसरा प्रश्न विचारला, “त्या दिवसाची रोजी भेटन का जी?” सेमिनारच्या बजेटमध्ये बॅनर होता, फाइल-पेन होतं, वक्त्याचं मानधन होतं, रोजंदारीवरच्या माणसांची त्या दिवसाची मजुरी मात्र नव्हती. ज्यांच्या हातातून कापूस रेच्याकडे जातो, त्या बायका धरल्याच नव्हत्या. “प्रशिक्षण फुकट देतो आहोत” असं म्हणताना समोरच्याचा दिवस आपण फुकट घेतो आहोत, हे ध्यानात येत नाही. नागपूरच्या वक्त्याचं मानधन कापलं आणि त्यातून रोजी निघाली. मला विचाराल तर या सगळ्या आखणीतला सगळ्यात मोलाचा निर्णय हाच.

जागेवर फार वेळ गेला नाही, पण गंमत झाली. तरुण मंडळींना बोर धरणाच्या बाजूचं रिसॉर्ट हवं होतं: व्याघ्र प्रकल्प, हिरवळ, मुक्काम. मुक्काम म्हटलं की रात्रीचा ‘कार्यक्रम’ आला आणि वर्धा जिल्ह्यात तर सत्तरच्या दशकापासून दारूबंदी. बंदी कितपत पाळली जाते, हा वेगळा विषय. कंपनीच्या बिलावर मात्र ती पाळावीच लागते. मग एकाने जिल्ह्याबाहेर जाण्याचं सुचवलं, सेठजींनी नुसतं चष्म्यावरून पाहिलं आणि रिसॉर्टचा विषय मिटला.

सेवाग्रामचंही नाव निघालं. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सुशीला नायर यांनी घालून दिलेली पद्धत मला नेहमी आठवते. डॉक्टर व्हायला आलेल्या नव्या मुलांना सुरुवातीचे पंधरा दिवस आश्रमात राहावं लागतं. झाडलोट, सूतकताई, प्रार्थना, श्रमदान. शरीररचनेचं पुस्तक उघडण्याआधी हातात झाडू येतो. तिथे जागा आणि विषय एकच आहेत, म्हणून ते शोभतं. आम्ही आश्रमाशेजारी हॉल घेऊन प्लास्टिकच्या दोऱ्यांवर स्लाइड दाखवल्या असत्या, तर नुसती सहल झाली असती. आमचा विषय शेडमध्ये होता. शेड रिकामं होतं, पंखे होते, भाडं नव्हतं. तिथेच ठरलं.

प्रत्यक्ष दिवस उजाडला तो पावसाने. पत्र्यावर सर आली की माईकही ऐकू येईना. सकाळचं मनोगत सेठजींनी त्यामुळे चार वाक्यांत आटोपलं. पावसाचे आभार. चहाबरोबर वर्ध्याचा गोरसपाक होता. तर्री-पोहे मी मुद्दाम उशिरा, साडेदहाला ठेवायला लावले होते, कारण पोटभर नाश्ता करून बसलेला माणूस पहिल्याच सत्रात पेंगतो.

पहिलं सत्र म्हणजे कापसाचा ढीग. सप्टेंबरात नवा कापूस कुठला? भाव वाढेल म्हणून शेतकऱ्याने घरात ठेवलेला मागच्या वर्षीचा कापूस मिळवला होता. पाच गट पाडले. प्रत्येक गटात एक ऑफिसातला, एक काट्यावरचा, एक फिटर, हमाल आणि कापूस पसरणाऱ्या बायका. प्रत्येक गटापुढे सारखाच ढीग. त्यातला परका माल वेचून वेगळ्या ताटलीत काढायचा. पांढऱ्यावर पांढरं दिसणार नाही, म्हणून ग्रेडरने गडद निळ्या सतरंज्या अंथरल्या होत्या. मघाच्याच मावशी पदर खोचून वाकल्या आणि थांबल्या. “या सतरंजीचेच धागे चिकटन त्याले. मंग मोजाचं काय?” सगळे हसले, ग्रेडरही. सतरंज्या गुंडाळल्या आणि ऑफिसातली काळ्या सनमायक्याची टेबलं उचलून आणली. त्या दिवशीचा पहिला धडा वेळापत्रकात नव्हता.

मग शेड शांत झालं. अकाउंटंट दोन बोटांनी, नाण्यासारखा एकेक बोंडाचा कापूस उचलून बघत होता. बायकांची पद्धत निराळी. दोन्ही तळव्यांनी कापूस हवेत हलकेच उकलायचा, उजेडाकडे धरायचा, बोटं आपोआप जाऊन धागा ओढतात. डोळे कापसावर असतातच असं नाही, बोलणं चालू असतं. काळा केस, खताच्या पोत्याची हिरवट पट्टी, सुतळीचे तुकडे, पिसं, पुडीचा चकाकता कोपरा. एका ताटलीत लहान मुलाच्या फ्रॉकची लेस निघाली. उंदराच्या लेंड्या परका माल धरायच्या की नाही, यावर फिटर आणि हमाल यांच्यात वाद जुंपला. वेळ संपल्यावर ताटल्या मांडल्या. ज्या गटांत वेचणीचा वेग बायकांनी ठरवला होता, त्यांच्या ताटल्या भरलेल्या. मग ग्रेडरने रंगवलेल्या कापडाचा एक तुकडा फिरवला, मध्ये पांढरी रेघ असलेला. तो हातोहात शेवटपर्यंत गेला आणि परत यायला बराच वेळ लागला. प्रत्येक जण नखाने ती रेघ काढून बघत होता.

जेवणाआधी सत्कार झाले, पंगत झाली. वरण-पोळी, वांग्याची भाजी, कढी, जिलबी. जेवणानंतरचं सत्र बसून घ्यायचंच नाही, हा माझा नियम. सगळ्यांना शेडभर फिरवलं: काटा, गंजीची जागा, रेच्यांची रांग, प्रेस. प्रत्येक ठिकाणी तिथल्या माणसाने सांगायचं की घाण इथे कशी शिरते. काट्यावरच्या पोराने सांगितलं की गाड्यांवरची प्लास्टिकची ताडपत्री फाटून तिच्या चिंध्या खाली पडतात. हमालांनी कबूल केलं की पोत्याची शिलाई सोडवायला वेळ लागतो, म्हणून ती विळ्याने कापतात आणि दोरा तिथेच राहतो.

शेवटचा तास मुकादमाचा. त्याने आपली तक्रार कंपनीच्या तोंडावर मांडली: कापूस सुती कापडाच्या फारीत आणणाऱ्या शेतकऱ्याला दोन पैसे जास्त देत नसाल, तर आमच्याकडून स्वच्छतेची अपेक्षा कशाला? सेठजी म्हणाले, भाव बाजार ठरवतो. मुकादम म्हणाला, काट्यावर गाडी आधी घेणं तर आपल्या हातात आहे नं? रांगेत रात्र काढणाऱ्या शेतकऱ्याला पैशापेक्षा तेही पुरे. ऑफिसातल्या कोणाच्या हे डोक्यात आलं नव्हतं.

संध्याकाळी फळ्यावर तीन गोष्टी लिहिल्या, प्रत्येकीपुढे एकेक नाव आणि तारीख. प्रत्येक रेच्यासमोर झाकणाची पेटी, त्यात वेचलेला माल, आणि शनिवारी त्याचं वजन. पोत्याची शिलाई कापायची नाही, दोरा ओढून काढायचा आणि पेटीत टाकायचा. सुती फारीतला कापूस आणणाऱ्या गाडीला वेगळी रांग. प्रमाणपत्रं वाटली. मावशींनी ते पिशवीत घालताना रोजीचं पाकीट आधी मोजून घेतलं.

हंगाम सुरू झाल्यावर मी एकदा चक्कर टाकली. पेट्या होत्या आणि भरत होत्या. शिलाईचा नियम गर्दीच्या दिवशी मोडत होता. हमालीचा दर पोत्यावर आहे तोवर तो मोडणारच, असं मुकादमाचं म्हणणं, आणि दर बदलायला सेठजी अजून तयार नाहीत. वेगळी रांग आठवडाभर चालली. मग व्यापाऱ्यांनी आरडाओरडा केला आणि ती बंद पडली. पुढच्या सेमिनारला दोन-चार व्यापारीही बोलवा, असं मी मॅनेजरना सुचवलं आहे. ते म्हणतात, त्यांना रोजी कोण देणार?