एक किल्ली, अनेक दरवाजे



शिवनेरी चढताना एकामागून एक सात दरवाजे लागतात. त्यांतल्या एकाचे नावच ‘परवानगीचा दरवाजा’. आता समजा, गडावर जाणाऱ्याची चौकशी पायथ्याला एकदाच झाली, त्याला शिक्क्याची चिठ्ठी मिळाली आणि पुढच्या प्रत्येक दरवाजावर पहारेकऱ्याने ती पाहून त्याला आत सोडले. संगणकावरील ‘सिंगल साइन-ऑन’ ही पद्धत अशीच आहे. ओळख एकदाच पटवायची, दरवाजे अनेक उघडायचे.

याची गरज का पडली? सातबारा एका संकेतस्थळावर, योजनेचा अर्ज दुसऱ्यावर, दाखला तिसऱ्यावर. प्रत्येक ठिकाणी पासवर्ड वेगळा. मग माणूस सगळे पासवर्ड एका वहीत लिहितो आणि ती वही भलत्याच्याच हाती लागते. हा घोळ कमी व्हावा म्हणून केंद्र सरकारने ४ जुलै २०२२ रोजी ‘मेरी पहचान’ ही सेवा सुरू केली. डिजिलॉकर, ई-प्रमाण किंवा जनपरिचय यांपैकी एका खात्याने ओळख पटवली की तिला जोडलेल्या इतर सरकारी सेवांत जाता येते. फार्मर आयडीची गोष्ट मात्र निराळी. राज्यात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी तो आवश्यक झाला. पण तो शेतकऱ्याचा क्रमांक आहे, किल्ली नव्हे.

आता दरवाजावरचा पहारेकरी पाहू. संकेतस्थळ ज्या संगणकावर चालते त्याला वेब सर्व्हर म्हणतात. त्यावर एक छोटा प्रोग्रॅम बसवतात, त्याचे नाव ‘एजंट’. एजंट म्हटले की आपल्याला दलाल आठवतो. हा तसा नव्हे, हा राखणदार आहे. कोणी पान मागितले की हा आधी चिठ्ठी विचारतो. नसेल तर माणसाला मुख्य ओळख-केंद्राकडे पाठवतो. तिथे ओळख पटली की माणूस चिठ्ठी घेऊन परत येतो. चिठ्ठी खरी आहे, मुदतीत आहे, अशी खात्री झाल्यावरच दार उघडते.

पण खुद्द पहारेकरी खरा कशावरून? त्यासाठीच त्याची नोंदणी. उद्या एखाद्या कारखान्याने ऊसनोंद, काट्याच्या पावत्या, ऊसबिल आणि शेअर्सचा हिशोब सभासदाला घरबसल्या दाखवायचे ठरवले, तर पुढील गोष्टी नीट झाल्या पाहिजेत.

पहिली : प्रत्येक एजंटचे नाव व गुप्त संकेत केंद्रात नोंदवावा. चार सर्व्हरना एकच संकेत देऊ नये. एक फुटला की चारही गेले.

दुसरी : चिठ्ठी कोणत्या पत्त्यावर परत पाठवायची तो पत्ता पूर्ण नोंदवावा. तो मोघम ठेवला तर बनावट पानालाही चिठ्ठी मिळू शकते.

तिसरी : नियम ठरवावेत. सूचना व ऊसदर सर्वांना खुले, ऊसबिल सभासदालाच, वजनाच्या नोंदीला हात लावणे नेमलेल्या माणसालाच. आलेला माणूस कोण, हे एजंट सांगतो. पण त्याने फक्त स्वतःचेच बिल पाहावे, ही काळजी आतल्या हिशोबाच्या प्रोग्रॅमने घ्यायची असते. इथेच पुष्कळदा चूक राहते.

चौथी : सर्व सर्व्हरची घड्याळे जुळवावीत. घड्याळ पुढे गेले की चांगली चिठ्ठीही मुदत संपलेली दिसते.

पाचवी : आडवाट ठेवू नये. चारीला दार बसवले आणि शेजारी बांध फुटका ठेवला, तर पाणी फुटक्या बांधानेच जाणार. एजंटला वगळून सर्व्हरपर्यंत पोचता येत असेल तर पहारा फुकट.

सुरू करण्यापूर्वी चिठ्ठीशिवाय, मुदत संपलेल्या चिठ्ठीने आणि दुसऱ्या सभासदाच्या क्रमांकाने आत शिरून पाहावे. दार उघडले, तर काम अपुरे आहे असे समजावे.

आता आपल्या हातातले. एक किल्ली सोयीची खरी, पण ती हरवली तर सगळीच घरे उघडी. म्हणून ओटीपी कोणालाही सांगू नका. मागणारा स्वतःला कारखान्याचा माणूस म्हणवत असला तरी नाही. मोबाईल नंबर बदलला तर खात्यातला नंबर आधी बदला. नारायणगावला असो की मंचरला, दुसऱ्याच्या संगणकावर काम झाले की लॉगआउट करूनच उठा. एका संकेतस्थळातून बाहेर पडले म्हणजे मुख्य खाते बंद झालेच असे नाही, तेही बंद करा.

वर्षभर राबून उभ्या केलेल्या उसाचा पैसा या दारांमागे असतो. पहारेकरी नेमणे हे नेमणाऱ्याचे काम. किल्ली सांभाळणे मात्र ज्याचे त्यानेच. सभासदांनी हे घरातल्या मुलांना आणि वडीलधाऱ्यांनाही समजावून सांगावे, ही विनंती.