चीक, रुई आणि आखाजीचं पत्र

चैत्र अर्धा उलटला की शिंदखेड्यात घरोघरी बाजा अंगणात निघतात. जुन्या धोतराच्या पानांवर कुरडया, बिबडे, पापड वाळत पडतात आणि राखणीला एखादं पोर काठी घेऊन बसतं. आमच्या घरी त्याच बाजेच्या एका कडेला गेली काही वर्षं कागदही वाळत असतो. घरच्या रुईचा, मुलांच्या जुन्या वह्यांचा. त्या कागदाची कार्डं होतात आणि आखाजीच्या आधी त्यातलं पहिलं कार्ड माझ्या धाकट्या बहिणीला, सुरतेजवळ उधन्याला जातं.

बाकी महाराष्ट्र जिला अक्षय्य तृतीया म्हणतो ती आमची आखाजी. सासरी गेलेली लेक एक वेळ दिवाळीला येणार नाही, आखाजीला येतेच. घरात गौराई असते, कडुनिंबाला झोके बांधतात, पितरांची घागर भरून तिच्यावर डांगर, आंबे, सांजोऱ्या ठेवतात. सालदाराचं सालसुद्धा आखाजी ते आखाजी मोजतात. लेकीला आणायला पूर्वी भाऊ मुराळी होऊन जायचा. आता उधन्याहून ताप्तीकाठच्या रेल्वेने ती आपली आपण येते आणि बोलावणं फोनवर होतं. फोनवर बोलून झालं की बोलणं संपतं. हातात धरावं, उशाखाली ठेवावं असं काही माहेराहून आधी पोहोचायला हवं असं आईला वाटायचं, म्हणून हे कार्ड सुरू झालं. ते कसं होतं ते सगळं सांगतो, कारण यातली प्रत्येक गोष्ट उन्हाळ्यात खानदेशातल्या घरात असतेच.

कागद करणं आपल्या मुलखाला नवं नाही. शिंदखेड्याहून जळगावकडे निघालं की वाटेत एरंडोल लागतं. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरमध्ये एरंडोलची ओळख जाड्याभरड्या देशी कागदाचं गाव अशी दिलेली आहे. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात तर हे काम शतकानुशतकं चालत आलं. तिथले कागजी कारागीर चिंध्या, दोर, गोणपाट कुजवून कुटायचे, लगदा पाण्यात सोडायचे, गवताच्या काड्यांच्या चटईवर उचलायचे, भिंतीला चिकटवून वाळवायचे, खळ लावून दगडाने घोटायचे. पुण्यात 1940 साली हातकागद संस्था सुरू झाली तिच्यामागे स्वदेशीची प्रेरणा होती. तिथे यंत्रं आली, पण कामाचा क्रम तोच. आपण ओट्यावर करतो तोही तोच, फक्त घमेल्याएवढा.

आधी साहित्य. लिहून झालेल्या वह्यांची 100 ग्रॅम पानं आणि 30 ग्रॅम रुई. यात साधारण वीस कार्डं होतात. पिना काढाव्यात, पुठ्ठ्याचं कव्हर बाजूला ठेवावं, वर्तमानपत्र घेऊ नये. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं, ते उजेडाने पिवळं पडतं आणि कागद ठिसूळ होतो. वहीच्या कागदातून ते बरंचसं काढून टाकलेलं असतं. बॉलपेनची निळी शाई लगद्यात उतरते आणि कागदाला किंचित राखाडी झाक येते. मला ती आवडते, वर्षभराचा अभ्यास त्यात विरघळलेला असतो.

रुई का घालायची? नुसत्या वहीच्या लगद्याचा कागद होतो, पण घडी घातली की तुटतो. लाकडाचा तंतू जेमतेम एक ते तीन मिलिमीटर लांब असतो, आणि वहीचा कागद पुन्हा भिजवून फिरवला की तो आणखी तुटतो. कापसाचा तंतू दोन-अडीच सेंटिमीटरचा, आणि तो जवळजवळ सगळा सेल्युलोजच. त्याने कागदात अंगची ताकद येते. देवाच्या वातींसाठी प्रत्येक घरात थोडा कापूस राखलेला असतोच. सरकी काढल्यावर कापसाच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश रुई हाती येते, म्हणजे 30 ग्रॅम रुईला 90 ग्रॅम कापूस हवा. सरकी हाताने काढायचं काम दुपारच्या वेळी आजी आणि नातवंडं मिळून करतात, गप्पा होतात.

आमची पहिली खेप वाया गेली ती या रुईमुळे. मी ती तशीच पाण्यात टाकली. सकाळी पाहिलं तर कापूस पाण्यावर ढगासारखा तरंगत होता, वरून भिजलेला, आत कोरडा. तसाच मिक्सरमध्ये घातला तर लांब धागे पात्याला गुंडाळून बसले आणि यंत्र गरम झालं. तरंगण्याचं कारण नंतर कळलं. कच्च्या कापसावर मेणाचा पातळ थर असतो, तो पाण्याला आत येऊ देत नाही. म्हणून रुई धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात, दोन लिटरला दोन चमचे सोडा या बेताने, तासभर मंद उकळावी. पाणी पिवळट होतं आणि रुई जड होऊन तळाशी बसते. ती बुडाली की काम झालं असं समजावं. मग तीन-चार पाण्यांनी धुवावी. हे सोड्याचं पाणी झाडाला घालू नये. धुतलेली ओली रुई पिळून, तिचा लांबट गोळा करून कात्रीने अगदी बारीक, तांदळाच्या दाण्याएवढी कातरावी. कंटाळवाणं काम आहे, पण लांब धागा लगद्यात गाठी करतो आणि कागदावर पेन अडखळतं.

वहीच्या पानांचे बोटभर तुकडे रात्रभर भिजवावेत. सकाळी रुई आणि कागद मिसळून मिक्सरच्या मोठ्या भांड्यात मूठभर लगद्याला भांडं पाऊण भरेल इतकं पाणी घालून थांबत थांबत फिरवावं. पाणी कमी घालाल तर यंत्रावर ताण येतो आणि तंतू नुसते तुटतात. हवं आहे ते तंतूंचं तुटणं नव्हे, त्यांचं पिंजणं. पिंजलेल्या तंतूच्या अंगावर बारीक लव उभी राहते, आणि कागद धरून राहतो तो त्या लवेच्या जोरावर. कागदात डिंक नसतो. पाणी निघून जाताना शेजारशेजारचे तंतू एकमेकांच्या इतके जवळ ओढले जातात की त्यांचे रेणू थेट एकमेकांना धरतात. परत पाणी घातलं की ही पकड सुटते, म्हणूनच जुनी वही आज लगदा होऊ शकली. लगदा झाला का ते पाहायला चमचाभर लगदा काचेच्या ग्लासभर पाण्यात ढवळून उजेडासमोर धरावा. धुक्यासारखा सारखा दिसला तर ठीक, ढेकळं दिसली तर अजून फिरवावा.

साच्यासाठी आम्ही शाळेच्या जुन्या दगडी पाट्यांच्या दोन चौकटी वापरतो. फुटकी पाटी कोणाच्याही माळ्यावर निघते, आणि तिच्या लाकडाचे कोपरे पाण्यात भिजूनही सुटत नाहीत. एका चौकटीवर खिडकीची मच्छरजाळी ताणून पितळी चुका ठोकाव्यात. जाळी ढोलकीसारखी ताठ हवी, सैल राहिली तर मधोमध लगदा साचून कागद पोटाकडे जाड होतो. दुसरी चौकट मोकळी, ती जाळीवर उपडी बसते आणि लगद्याला कड देते. आमच्या चौकटीचं आतलं माप 22 बाय 15 सेंटिमीटर आहे, मधे घडी घातली की हातात मावेल असं कार्ड होतं.

आता पसरट घमेल्यात पाणी घ्यावं आणि लिटरला 12 ते 15 ग्रॅम सुक्या लगद्याचा हिशेब ठेवावा. तराजू काढत बसायचं नसेल तर पातळ ताकाची आठवण ठेवावी, तितपत. हाताने तळापासून ढवळावं, कारण लगदा खाली बसतो. दोन्ही चौकटी घट्ट धरून आपल्यापासून लांबच्या कडेने उभ्या आत घालाव्यात, पाण्याखाली आडव्या कराव्यात आणि सरळ वर उचलाव्यात. पाणी गळत असतानाच एकदा पुढेमागे आणि एकदा डावी-उजवीकडे हलकं हलवावं. याला जेमतेम चार सेकंद मिळतात, पण सगळा कागद त्या चार सेकंदांत ठरतो. तंतू एकाच दिशेने झोपले तर कागद त्या दिशेने सहज फाटतो, हलवल्याने ते आडवे-उभे गुंततात. त्यानंतर हलवलं तर बसलेला थर तडकतो. पहिले दोन-तीन नक्की बिघडतील. बिघडलेला लगदा परत घमेल्यात धुवून टाकावा, काही वाया जात नाही. दर दोन कागदांनंतर पेलाभर दाट लगदा घमेल्यात घालावा, नाहीतर पुढचा प्रत्येक कागद आधीच्याहून पातळ निघतो.

वरची चौकट काढली की जाळीवर ओला थर दिसतो. बिबडे करणाऱ्या बायकांना पुढचं सांगावं लागत नाही. बिबडा ओल्या कापडावर थापतात, तसा हा थर ओल्या सुती कापडावर उलटायचा. एक कड टेकवून साचा पाळण्यासारखा फिरवत दुसऱ्या कडेवर न्यावा आणि मागून जाळीवर स्पंजाने पाणी टिपून घ्यावं. थर कापडावर राहतो, जाळी मोकळी होते. कापड कोरडं असेल तर थर जाळीलाच चिकटून राहतो. कापड, कागद, कापड, कागद अशी चवड रचून वर पाट आणि पाटावर जातं किंवा पाण्याचा हंडा ठेवावा. तासाभरात उरलेलं पाणी निथळतं. वजनाखाली तंतू जवळ येतात, हे टाळलं तर कागद फुसफुशीत होतो.

वाळवताना आमचं ऊन वैऱ्यासारखं वागतं. उन्हाळ्यात पारा 42-44 अंशांपर्यंत जातो. उघड्या उन्हात ठेवलेल्या कागदाची कड आधी वाळते, आखडते, आणि सगळा कागद पापडासारखा वळतो. म्हणून आम्ही कापडासकट तो बाजेवर सावलीत पसरतो आणि वर दुसरं पातळ धोतर घालतो. कोरड्या हवेत तीन तासांत वाळतो. कोकणात याला दोन दिवस लागतील. घमेल्यातलं पाणी मात्र गाळून दुसऱ्या खेपेला वापरावं आणि शेवटी कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतावं. ज्या तालुक्यात बुराई नदीचं पात्र उन्हाळ्यात कोरडं असतं तिथे पाणी सांडून छंद करता येत नाही.

वाळलेल्या कागदावर शाईपेन टेकवलं तर शाई वातीसारखी चढते. तंतूंमधल्या बारीक फटी तिला ओढून घेतात. त्या बुजवायला खळ लागते, आणि ती कुरडयांच्या भांड्यात तयार असते. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून, रात्रभर ठेवल्यावर वरचं पाणी ओतलं की खाली घट्ट चीक राहतो. त्यात मीठ-हिंग पडायच्या आत दोन मोठे चमचे मागून घ्यावेत. आमच्याकडे मुलं त्यासाठी चुलीपाशी ताटली घेऊन बसतात, कारण मागून हाटलेला गरम चीकही तेल घालून मिळणार असतो. अर्धा लिटर पाण्यात हा चीक आणि कडुनिंबाची पाच-सहा पानं घालून ढवळत शिजवावं. दुधट रंग जाऊन काचेसारखी झाक आली की पिष्ट फुललं. ही खळ गाळून, कोमट असताना रुंद ब्रशने कागदाच्या दोन्ही बाजूंना लावावी. कसर या खळीवर येते, पाला त्यासाठी. तुरटी काही जण घालतात, मी घालत नाही. तिच्या आंबटपणाने कागद वर्षांनी ठिसूळ होतो, आणि हे पत्र टिकावं अशी इच्छा आहे.

पुन्हा वाळल्यावर गुळगुळीत गोट्याने घोटावं. आमचा गोटा मुडावदचा आहे, तिथे पांझरा तापीला मिळते. गोल गोल घोटत गेलं की मंद चकाकी येते आणि बोट फिरवताना रवाळपणा लागत नाही. घडीच्या जागी पट्टी धरून रिकाम्या रिफिलने रेघ दाबावी, मग दुमडावं. कड कात्रीने सरळ करू नये. ती झिरमिळ्यांसारखी कड हा हाताचा पुरावा आहे.

सजावट थोडकी बरी. कांद्याच्या सालींच्या काढ्याने बदामी रंग येतो, फाल्गुनात वाळवून ठेवलेल्या पळसाच्या फुलांनी केशरी-पिवळा. हळदीने रंगवाल तर रुईतला सोडा नीट धुतलेला हवा, नाहीतर पिवळ्याचा लाल होतो. ओल्या थरावर वहीत दाबून वाळवलेला कडुनिंबाचा मोहोर ठेवून वर चमचाभर पातळ लगदा सोडला तर फूल कागदातच राहतं.

आता मजकूर. छापील कार्डावर तो आधीच असतो, इथे तो घरातूनच यायला हवा. माझ्या आईला लिहिता येत नाही. पहिल्या वर्षी माझ्या मुलीने शाळेतल्या पत्रासारखं ‘सप्रेम नमस्कार, विनंती विशेष’ लिहायला घेतलं. आई म्हणाली, मी सांगते तसं लिही. आणि ती अहिराणीत बोलली. मुलगी आधी अडली, ही भाषा तिने कधी कागदावर पाहिली नव्हती. असोद्याच्या कवयित्री बहिणाबाईंनाही लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या मंडळींनी ऐकून उतरवून ठेवलं म्हणून त्यांची गाणी 1952 साली पुस्तकात आली. मी मुलीला एवढंच सांगितलं, तू फक्त ऐक आणि उतरव, सुधारू नकोस. तिने लिहिलं: ‘आखाजीले ये वं पोरी. निंबले झोका बांधेल शे.’ खाली आईने अंगठ्याला कुंकू लावून उठवलं.

तेव्हापासून हाच नेम आहे. सांगणार आई, लिहिणार नात. आई बोलताना थांबते तिथे मुलगीही पेन थांबवते, आणि खळ नीट लागली असेल तर त्या थांबण्याचाही ठिपका शाईत पसरत नाही.

एका कार्डाचं वजन साडेसहा ग्रॅमच्या आसपास भरतं. वहीच्या कव्हराचा नव्हे, साध्या कागदाचा लिफाफा केला तर सगळं मिळून साध्या पत्राच्या 20 ग्रॅमच्या मर्यादेत सहज बसतं. पाठीमागे आपला पत्ता पिनकोडसह, 425406, ठळक लिहावा. आखाजीच्या आठ-दहा दिवस आधी पेटीत पडायला हवं. लिफाफा डकवायला भांड्याच्या तळाशी उरलेली चिकाची खळ पुरते.