क्यूचं लाकूड : पारख आणि धीर

मुळा-मुठा आणि भीमा या दोन नद्यांच्या मधलं राहू बेट आज ऊस आणि गुऱ्हाळांसाठी ओळखलं जातं. पण बैलांवर शेती चालायची तेव्हा इथल्या प्रत्येक घराला लाकडाची जाण ठेवावी लागे. नांगर, कुळव, पाभर, गाडीच्या चाकाचे आरे, कुऱ्हाडीचा दांडा, बहुतेक सगळं बाभळीचं असायचं. कोणती बाभळ तोडायची, कधी तोडायची आणि किती दिवस मुरवायची, हे सुतारमेटावर बसणाऱ्या चार जाणत्यांना पक्कं ठाऊक असे. लोखंडी औतं आणि ट्रॅक्टर आले आणि ही जाण मागे पडली. ती आजही किती मोलाची आहे, हे बिलियर्ड्स, स्नूकर आणि पूल या खेळांच्या क्यूकडे, म्हणजे चेंडूला फटका मारायच्या लाकडी काठीकडे, पाहिलं की पटतं.

हे खेळ आपल्याला परके नाहीत. स्नूकरचा जन्मच जबलपूरच्या लष्करी छावणीतला. १८७५ साली नेव्हिल चेंबरलेन या अधिकाऱ्याने तो बसवला, असं मानलं जातं. १९२२ मध्ये पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचं जगज्जेतेपद जिंकलं आणि वैयक्तिक खेळात जगज्जेता ठरलेले ते पहिले भारतीय झाले. १९६४ मध्ये न्यूझीलंडला जाऊन त्यांनी तो मान पुन्हा मिळवला.

क्यू साधारण १४५ ते १४७ सेंटिमीटर लांब आणि जेमतेम अर्धा किलो वजनाची असते. स्नूकरच्या क्यूचं टोक नऊ-दहा मिलिमीटरचं, पूलच्या क्यूचं बारा-तेरा मिलिमीटरचं. एवढ्या बारीक टोकातून चेंडूला फटका बसतो तेव्हा लाकूड क्षणभर वाकतं, थरथरतं आणि परत सरळ होतं. दर वेळी ते एकसारखं वागलं तरच खेळाडूला नेम धरता येतो.

म्हणून पुढच्या भागासाठी जगभर मुख्यतः दोनच लाकडं मान्यता पावली. पूलसाठी उत्तर अमेरिकेतला कठीण मेपल आणि स्नूकरसाठी ॲश. मेपलची छिद्रं बारीक आणि सारखी विखुरलेली असतात, त्यामुळे पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि क्यू बोटांवरून सहज सरकते. ॲशच्या वार्षिक वलयांत छिद्रांची ठळक रांग असते. निमुळत्या क्यूवर या रांगा कापल्या जाऊन बाणाच्या टोकासारखी नक्षी उमटते. ते बाण दर वेळी वरच्या बाजूला ठेवले की क्यू नेहमी एकाच अंगाने हातात येते, म्हणून अनेक खेळाडू त्यांच्यावर नजर ठेवूनच खेळतात. मागचा भाग एबनी किंवा शिसवीसारख्या जड लाकडाचा, कारण तोल मागच्या हाताजवळ हवा.

जात ठरली तरी खरी निवड पुढेच असते. पहिली अट रेषेची. लाकडाचे तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग गेले पाहिजेत. ते तिरपे होऊन कडेला बाहेर पडले, तर फटक्याच्या ताणाने लाकूड तिथेच वाकतं किंवा चिरतं. नुसत्या डोळ्यांनी रेषा कळत नसेल तर रंधा मारलेल्या जागी पातळ शाईचा थेंब टाकावा. शाई तंतूंच्या वाटेने धावते आणि खरी दिशा दाखवते. दुसरी खात्रीची रीत फाडून पाहण्याची. करवत कुठूनही आरपार जाते, पाचर मात्र तंतूंच्या वाटेनेच लाकूड उकलते. दांड्याचं लाकूड कापण्यापेक्षा फाडून घेतलेलं बरं, ते याच कारणाने. गाठ, बुरशीचा डाग किंवा किड्याचं छिद्र दिसलं की तो तुकडा बाजूला काढायचा.

त्यानंतर पाणी. ओल्या लाकडातलं पाणी दोन जागी असतं. पेशींच्या पोकळीतलं आधी निघून जातं आणि लाकडाचा आकार तसाच राहतो. ओलावा तीस टक्क्यांच्या आसपास खाली आला की पेशींच्या भिंतींतलं पाणी सुटू लागतं आणि तिथून आकसणं सुरू होतं. लांबीत लाकूड जवळजवळ आकसतच नाही. वलयांच्या कडेकडेने ते जेवढं आकसतं, ते गाभ्याकडून सालीकडे आकसण्याच्या सुमारे दुप्पट असतं. पीळ, वाक आणि भेगा यांचं मूळ या फरकात आहे. टोकांकडून पाणी फार भराभर जातं, म्हणून तिथे मेण किंवा रंग लावतात. फळ्यांमध्ये पट्ट्या ठेवून सावलीत, वारा खेळेल अशी थप्पी रचतात. एक इंच जाडीला एक वर्ष, हा हवेवर वाळवण्याचा ढोबळ हिशेब आहे. भट्टीत काम लवकर होतं, पण घाई केली तर आतला ताण तसाच राहतो.

क्यू बनवणारा तो ताण टप्प्याटप्प्याने काढतो. इंचभर चौरसाची कांब लेथवर थोडी उतरवायची आणि उभी टांगून ठेवायची. काही आठवड्यांनी ती वाकली का, ते पाहायचं. सरळ राहिली तर पुन्हा थोडी उतरवायची. मापाला यायला काही महिने सहज लागतात आणि मध्येच वाकलेल्या कांबी बाद होतात.

आपल्याकडची लाकडं या कसोटीला कितपत उतरतील? बाभूळ कणखर आणि धक्का सोसणारी, पण तिचा बुंधा आखूड आणि वेडावाकडा. पाच फूट सलग सरळ रेष तिच्यात क्वचित सापडते. नांगराला किंवा चाकाला ती उत्तम, क्यूच्या पुढच्या भागाला नाही. तोडलेली बाभळ काही महिने पाण्यात बुडवून ठेवायची जुनी रीत मात्र शहाणपणाची होती. किड्यांना आवडणारा पिठूळ अंश त्यातून पुष्कळसा धुऊन जातो. डोंगराकडचा धावडा बाभळीहून चिवट, पण वाळताना भेगाळणारा. मला आशा वाटते ती धामणीची. तिचं लाकूड लवचीक, वाकून परत सरळ होणारं. धनुष्य, कावड आणि अवजारांचे दांडे यांसाठी ते पूर्वापार वापरात आहे. थोडी धामण नीट निवडून, दोन-तीन वर्षं मुरवून तिच्या क्यू करून पाहायला हव्यात.

असा प्रयोग करायची वेळही आली आहे. अमेरिकेत २००२ साली सापडलेल्या हिरव्या भुंगेऱ्याने ॲशची कोट्यवधी झाडं मारली, युरोपात बुरशीच्या रोगाने तीच गत केली. शिसवीच्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून निर्बंध आहेत आणि आपल्या रानातला शिसव तोडायलाही परवानगी लागते. चांगलं लाकूड आता जपूनच वापरावं लागणार.

विकत घेणाऱ्याने चार गोष्टी पाहाव्यात. क्यू सपाट टेबलावर लोळवावी, टोक उडतं का बघावं. एक डोळा मिटून मुठीकडून टोकाकडे नजर टाकावी. रेषा किती सलग जातात ते मोजून पाहावं. घरी आणल्यावर ती भिंतीला तिरकी टेकवून किंवा गाडीत उन्हात ठेवू नये. हवेतली आर्द्रता पंचवीस टक्के असताना लाकडात सुमारे पाच टक्के ओलावा राहतो, ऐंशी टक्क्यांना तो सोळावर जातो. आपल्या वैशाखात आणि श्रावणात एवढं अंतर पडू शकतं, म्हणून क्यू पेटीत ठेवणं गरजेचं.

राहू बेटाच्या आसपासच्या, दौंड-शिरूरकडच्या सुतारांकडे लाकूड ओळखण्याची पिढीजात नजर आहे. लेथवरचं काम शिकायला वेळ लागत नाही, ही नजर मिळवायला मात्र आयुष्य जातं. बांधावर बाभळीसोबत चार धामणी लावल्या आणि जाणत्या सुताराशेजारी गावातला एखादा तरुण शिकायला बसला, तर पुण्याच्या जगज्जेत्याच्या खेळाला पुणे जिल्ह्यातलीच क्यू मिळू शकेल. झाड वाढायला वर्षं लागतात, म्हणून लागवड येत्या पावसाळ्यातच करावी.