खुंट्याच्या जागी मोटार

पुण्यातल्या एका स्वयंपाकघरात ओट्यावर लाकडी चौकट उभी आहे. खाली हाताने फिरवायचा स्वस्तातला कॉफी ग्राइंडर, वर गाडीच्या वायपरची जुनी मोटार. घरातल्या आईंना संधिवात. 18 ग्रॅम दाणे दळायला तीन-एक मिनिटं मनगट फिरवावं लागतं, आणि हलक्या भाजणीचे दाणे कडक, त्यांना जोर आणखी लागतो. मुलाने खटाटोप मांडला तो एवढ्यासाठी.

ग्राइंडर म्हणजे छोटं जातंच. जात्यात वरचा दगड फिरतो. इथे सिरॅमिकचं बाहेरचं कडं स्थिर आणि आतला शंकू फिरता. दोहोंमधल्या फटीवर पुडीची जाडी ठरते. जात्याला टाकी लावून धार आणता येते, सिरॅमिकला ती सोय नाही. टवका उडाला की भागच बदलायचा.

पहिला प्रयोग ड्रिलचा. दाणे अडकले आणि शंकूबरोबर अख्खा ग्राइंडरच हातात गरगरला. हाताने दळताना दुसरा हात त्याला किती घट्ट धरून असतो, ते तेव्हा कळलं.

वायपरच्या मोटारीला घाई नसते. मिनिटाला जेमतेम पन्नासेक फेरे, पण आतल्या वर्म गिअरमुळे ताकद भरपूर. 12 व्होल्टवर चालते, मात्र करंट चांगलाच ओढते; मोबाइलचा चार्जर तिला पुरत नाही. अशा मोटारीची बॉडीच बहुधा निगेटिव्ह असते, म्हणून चौकट लाकडाची.

खरी परीक्षा जोडणीची. लोखंडी सॉकेटने दांडा मोटारीला थेट जोडला, तर केसभर फरकानेही शंकू एका बाजूला दाबला जाऊ लागला आणि पुडीत कणी आणि पीठ एकत्र पडू लागलं. माणसाचं मनगट असा फरक नकळत पोटात घालतं! शेवटी जाड रबरी नळीचा तुकडा दोन क्लिपांनी आवळला, तेव्हा पूड एकसारखी आली. हात अडकला की थांबतो, मोटार थांबत नाही. तिच्यासाठी वायरीत फ्यूज घातला.

वेळ मात्र वाचलेला नाही, उलट थोडा जास्तच लागतो. आई आधी बटण दाबतात, मग जात्यात वैरावेत तसे चिमूट चिमूट दाणे सोडतात. फिरत्या शंकूवर पडलेले दाणे सहसा अडकत नाहीत. शेवटचा दाणा गेला की घरघर हलकी होते, आणि आई दुधाखालचा गॅस बारीक करायला वळतात.