मुलीच हव्यात, हा जिवाणूंचा हट्ट

वांग्याच्या किंवा गुलाबाच्या पानावर पांढुरके ठिपके पडू लागले आणि पान उलटल्यावर बारीक जाळी दिसली, की शेतकरी ओळखतो : लाल कोळी आला. हा कीटक नव्हे, आठ पायांचा, कोळ्यांच्याच गोतातला जीव. मादी जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब. पण ३० अंशांच्या आसपास तापमान असेल तर आठ-दहा दिवसांत अंड्याचा प्रौढ कोळी होतो.

'टेट्रानिकस अर्टिकी' या लाल कोळ्याच्या जातीत फलित अंड्यातून मादी निघते. तिच्या पेशीत सहा गुणसूत्रं. अफलित अंड्यातून नर निघतो, त्याच्याकडे तीनच. म्हणजे इथे मुलाला बाप नसतो, बाप फक्त मुलींना. म्हणूनच नर शेवटची कात टाकण्याच्या बेतात असलेल्या मादीशेजारी ठाण मांडून बसतो आणि दुसरा नर फिरकला तर त्याच्याशी झटापट करतो. पहिल्या मीलनातले शुक्राणूच बहुतेक अंडी फलित करतात, तेव्हा नंबर चुकला की वंश बुडाला.

नर-मादीच्या या व्यवहारात तिसराच कोणी लुडबुड करतो. वोल्बाकिया हा जिवाणू अनेक लाल कोळ्यांच्या पेशींत राहतो. १९२४ साली मार्शल हर्टिग आणि बर्ट वोल्बाक या अमेरिकी संशोधकांना तो प्रथम डासांत दिसला. आईच्या अंड्यातून तो पुढच्या पिढीत जातो. शुक्राणूतून जाता येत नाही. नराच्या शरीरातला वोल्बाकिया नराबरोबरच संपतो. त्याचे सारे डावपेच या एका अडचणीतून आलेले आहेत.

वोल्बाकिया असलेल्या नराचे शुक्राणू तयार होतानाच त्यांच्यात फेरफार होतो. अंड्यातही वोल्बाकिया असेल तर तो फेरफार निस्तरला जातो. नसेल, तर बापाची गुणसूत्रं पहिल्याच विभाजनात गोंधळतात आणि गर्भ मरतो. मरतात त्या मुली, कारण फलित अंडी त्यांचीच, मुलगे सुखरूप. नरातला जिवाणू स्वतः वाचत नाही, पण सवतीच्या लेकी मारून आपल्या भावंडांना मैदान मोकळं करून देतो. जिवाणूवाल्या माद्यांना मात्र कोणताही नर चालतो, आणि वसाहतीत त्यांचीच संख्या वाढत जाते.

लिंबूवर्गीय झाडांवरच्या ब्रेव्हिपाल्पस या चपट्या कोळ्यात तर याहून नवल. अँड्र्यू वीक्स आणि सहकाऱ्यांनी २००१ साली 'सायन्स' नियतकालिकात दाखवून दिलं, की या माद्यांच्या पेशीत गुणसूत्रांचा एकच संच, अवघी दोन गुणसूत्रं असतात. हिशेबाने हे नरच व्हायला हवेत. प्रतिजैविक देऊन जिवाणू मारले, तेव्हा पुढच्या पिढीत खरोखरच नर निघाले. नर व्हायच्या अंड्यांना मादी बनवणारा हा जिवाणू पुढे कार्डिनियम म्हणून ओळखला गेला.

जिवाणूवाल्या माद्यांची संख्या वाढवत नेण्याची वोल्बाकियाची विद्या माणसानेही उचलली आहे. इंडोनेशियात योग्यकर्ता शहरात डेंग्यूच्या विषाणूला थोपवणारे वोल्बाकियाधारी डास सोडल्यावर डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी कमी आढळले, असे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले.

कोळ्यांच्या सगळ्याच वसाहतींत हे जिवाणू नसतात, आणि असले तरी सगळीकडे सारखे वागत नाहीत. एकाच जातीच्या, दोन शेतांतल्या कोळ्यांचा संकर म्हणूनच फसू शकतो. तेव्हा कृषी महाविद्यालयांत कोळ्यांवर प्रयोग करणाऱ्यांनी नर-माद्यांची मोजदाद करण्याआधी त्यांच्या पेशींत कोण राहतं ते तपासावं. नाहीतर जिवाणूची करणी औषधाच्या किंवा हवामानाच्या नावावर लागेल.