सदाफुली : कुंडीतले झाड, कर्करोगावरचे औषध

विरारच्या पूर्वेला चंदनसारच्या बाजूने हिंडलात, तर एखाद्या अंगणात सदाफुली दिसेलच. तिची पाने कडू आणि विषारी असल्याने गुरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत. विद्यार्थी मित्रांनो, याच विषात औषध दडलेले होते!

जमैका बेटावर मधुमेही लोक या पानांचा काढा घेत. १९५२ साली तेथील काही पाने कॅनडातील डॉ. रॉबर्ट नोबल यांच्याकडे आली. त्यांनी उंदरांना अर्क पाजला. रक्तातील साखर उतरली नाही. मग अर्क टोचून पाहिला, तेव्हा उंदीर जंतुसंसर्गाने मेले. कारण त्यांच्या श्वेत रक्तपेशी फार घटल्या होत्या. रक्ताच्या कर्करोगात तर याच पेशी बेसुमार वाढतात! नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी १९५८ मध्ये पानांतून व्हिनब्लास्टिन हे अल्कलॉइड वेगळे केले. पुढे व्हिनक्रिस्टिन मिळाले. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही वापरतात.

हे द्रव्य करते काय? पेशी दुभंगताना तिच्यात ट्युब्युलिन या प्रथिनाच्या सूक्ष्म नलिका तयार होतात. त्या गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढतात. सदाफुलीचे द्रव्य ट्युब्युलिनला चिकटते, नलिका बनत नाहीत, विभाजन अडते आणि पेशी मरते.

नव्या वनस्पतींची पहिली परीक्षा आता बशीत वाढवलेल्या पेशींवर होते. मुंबईत परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. कमल रणदिवे यांनी १९६०च्या दशकात ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. पेशींच्या काही गटांना अर्काच्या कमीजास्त मात्रा देतात, एका गटाला तुलनेसाठी अर्काविना ठेवतात. दोन-तीन दिवसांनी जिवंत पेशी मोजतात. निरोगी पेशीही तपासतात, कारण बशीतल्या पेशी मिठाच्या तीव्र द्रावणानेही मरतात. म्हणून काही मीठ औषध ठरत नाही! त्यानंतर प्राण्यांवर आणि शेवटी रुग्णांवर कसून चाचण्या होतात.

म्हणून कोणी आजाऱ्याला सदाफुलीचा रस पाजू लागले, तर थांबवा. एक ग्रॅम व्हिनब्लास्टिनसाठी सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागतात. पेलाभर रसात औषध नगण्य, बाकीची विषारी द्रव्ये मात्र भरपूर. शुद्ध व्हिनक्रिस्टिनसुद्धा मात्रा चुकल्यास मज्जातंतूंना इजा करते. औषध आणि विष यांतले अंतर मोजूनच कळते.