पंखाला माप कोण देतं?

पिकल्या केळ्यांभोवती घोंगावणारं चिलट म्हणजे ड्रोसोफिला. आंब्या-पेरूच्या बागा नासवणारी फळमाशी निराळी. या चिलटाचा डावा पंख आणि उजवा पंख मापाला जवळजवळ तंतोतंत जुळतात. वाढ नेमकी कुठे थांबवायची, हे पेशींना कसं कळतं?

पंख घडतो तो अळीच्या शरीरात, ‘पंखचकती’ नावाच्या चपट्या पिशवीत. सुरुवातीला तिच्यात पन्नासेक पेशी असतात. चारेक दिवसांत त्या ३० ते ५० हजार होतात. पुढे कोशात ही चकती उलगडून पंख होतो.

चकतीच्या मागच्या भागातल्या पेशी हेजहॉग नावाचं प्रथिन सोडतात. ते हद्दीलगतच्या पुढच्या पेशींना मिळालं, की त्या डीपीपी हे दुसरं प्रथिन तयार करतात. या अरुंद पट्ट्यातून डीपीपी दोन्हीकडे पसरतं. पट्ट्यापाशी दाट, कडेला विरळ. आपल्या वाट्याला ते किती आलं, यावरून पेशीला आपली जागा कळते आणि पंखावरच्या शिरा कुठे उमटायच्या हे ठरतं. अशा रेणूंना ‘मॉर्फोजेन’ हे नाव ॲलन ट्युरिंगने १९५२मध्ये दिलं. चकतीत डीपीपी नसेल तर पंखाचं नुसतं थोटूक उरतं.

पंखाच्या कडेची आखणी करतं ते विंगलेस हे असंच पसरणारं प्रथिन. त्याच्या जनुकातला बिघाड १९७३मध्ये नोंदवला तो दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या आर. पी. शर्मा यांनी. उंदरांच्या स्तनांतल्या गाठींशी जोडलेलं एक जनुक म्हणजे याचंच भावंड, हे १९८७मध्ये उघड झालं आणि दोघांच्या नावांतून ‘विंट’ हे कुलनाम तयार झालं.

खरा पेच पुढेच आहे. डीपीपी कडेला विरळ असूनही पेशी सगळीकडे साधारण सारख्याच वेगाने विभागतात. डीपीपीचा संकेत सुमारे ५० टक्क्यांनी वाढला की पेशी विभागते, असा खुलासा २०११मध्ये पुढे आला. २०१५च्या प्रयोगांनी त्याला धक्का दिला: डीपीपी पसरू दिलं नाही, तरी कडेचा भाग वाढतच राहिला. त्याआधी, २०१४मध्ये, विंगलेस पेशीच्या आवरणालाच जखडून ठेवलं, तरीही पंख जवळपास नेहमीसारखेच झाले होते.

म्हणजे दूर जाणारा रेणू हा एकटा कारभारी नव्हे. पेशींची दाटी आणि ताण जोखून वाढीला लगाम घालणारी ‘हिप्पो’ साखळी आहे, आणि अळीला मिळालेलं अन्नही आहे. उपाशी अळीचं चिलट लहान होतं, पण त्याचे पंख अंगाच्या मापातच राहतात.

डीपीपीचे माणसातले नातलग हाडं घडवतात. हेजहॉगचा संकेत अडवणारं विस्मोडेगिब हे औषध त्वचेच्या एका कर्करोगावर २०१२पासून अमेरिकेत वापरात आहे. मापाचं कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही. पण ते सोडवताना हाती आलेल्या माहितीनेच चिलटावरच्या खर्चाची भरपाई केव्हाच केली आहे.